अमेरिकेचा अध्यक्ष थेट जनतेच्या मतांवर का निवडला जात नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेची निवडणूक आली की आपल्याकडे, विशेषतः ज्यांची मुलं-भाचरं तिकडे आहेत अशा घरांत, तेच प्रश्न पुन्हा निघतात. जास्त मतं मिळालेला हरतो कसा? ते २७० काय प्रकरण आहे? आणि ही पद्धत ते लोक बदलून का टाकत नाहीत? पद्धत बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र बदलाचे जे दोन मार्ग चर्चेत आहेत, त्यातला सध्या जास्त गाजणारा मला कच्चा वाटतो. का, ते पुढे येईलच.

जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरतो कसा?

कारण तिथे अध्यक्षपदाची एक निवडणूक होतच नाही. पन्नास राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी अशा ५१ निवडणुका एकाच दिवशी होतात. संसदेच्या प्रतिनिधिगृहात राज्याचे जितके सदस्य, अधिक वरच्या सभागृहाचे म्हणजे सिनेटचे दोन, तितके इलेक्टर (अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी) त्या राज्याला मिळतात. ४३५ अधिक १००, अधिक डीसीचे ३ (हे १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळाले), एकूण ५३८. बहुमताला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि डीसीत जो पहिला येतो तो तिथले सगळे इलेक्टर घेऊन जातो, मग तो एका मताने पुढे असो की चाळीस लाखांनी.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ६८ हजार मतं जास्त पडली. ट्रम्प यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून जेमतेम ७८ हजारांच्या आघाडीने मारली. अध्यक्ष ट्रम्प झाले.

असं आजवर किती वेळा झालं?

पाच वेळा: १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. यातलं १८२४ जरा वेगळं. अँड्र्यू जॅक्सन मतांतही पुढे होते आणि इलेक्टरांतही, पण बहुमत कुणालाच नव्हतं. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि त्यांनी जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडलं. १८७६ मध्ये सॅम्युएल टिल्डन १८४ इलेक्टरांवर अडकले, बहुमताला एक कमी. वादातल्या २० जागांसाठी पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. त्याने ८ विरुद्ध ७ मतांनी सगळ्याच्या सगळ्या २० जागा त्यांचे प्रतिस्पर्धी रदरफर्ड हेज यांच्या पदरात टाकल्या. २००० सालचं फ्लोरिडा तर अनेकांना आठवत असेल: सुमारे साठ लाख मतांत बुश यांची आघाडी ५३७.

पण पाच हा आकडा फसवा आहे, कारण थोडक्यात हुकलेले प्रसंग त्यात धरलेले नाहीत. २००४ मध्ये बुश यांना देशात तीस लाख मतं जास्त होती, तरी ओहायोत साठेक हजार मतदारांनी बाजू बदलली असती तर जॉन केरी अध्यक्ष झाले असते. २०२० मध्ये बायडेन सत्तर लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. पण अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तिन्ही राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तरी ४३ हजारांच्या आतच राहते.

मुळात ही पद्धत आणली कशासाठी?

शाळेत मिळणारं उत्तर असं की लहान राज्यांचं हित जपायला आणि जनतेच्या लाटेला आवर घालायला. ते खोटं नाही, अर्धवट आहे. १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी थेट निवडणुकीची कल्पना मांडली होती. दूरच्या राज्यातला माणूस लोकांना ठाऊक कसा असणार, हा आक्षेप आलाच. पण खरी मेख जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैला बोलून दाखवली. थेट निवडणूक तत्त्वतः चांगली, पण दक्षिणेकडे मतदार कमी आहेत आणि गुलामांच्या संख्येचा तिथल्या राज्यांना काही उपयोग होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मॅडिसन स्वतः व्हर्जिनियाचे.

प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब आधीच मान्य झाला होता. इलेक्टर त्याच जागांवरून ठरले. ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याचं वजन वाढलं. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचाच होता, याचं थोडं श्रेय या हिशेबाला जातं.

आणि विचारी, निःपक्ष इलेक्टर एकत्र बसून योग्य माणूस निवडतील ही कल्पना तर बारा-तेरा वर्षंही टिकली नाही. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांचेच साथीदार एरन बर यांना सारखी ७३ मतं पडली आणि प्रतिनिधिगृहाला तिढा सोडवायला मतदानाच्या ३६ फेऱ्या घ्याव्या लागल्या. १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती करून ठिगळ लावलं. इलेक्टर तोवर पक्षाचे कार्यकर्ते झालेच होते.

‘पहिला येईल त्याला सगळे इलेक्टर’ हे घटनेत लिहिलंय का?

नाही. घटना एवढंच म्हणते की राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या रीतीने इलेक्टर नेमावेत. बाकी सगळे राज्यांचे आपापले कायदे. मेन राज्याने १९७२ च्या निवडणुकीपासून आणि नेब्रास्काने १९९२ पासून वेगळी वाट धरली आहे. राज्यात जिंकणाऱ्याला दोन इलेक्टर, बाकीचे मतदारसंघनिहाय.

यातून काय घडू शकतं ते २०२४ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात दिसलं. राज्य रिपब्लिकनांचं, पण ओमाहाचा मतदारसंघ डेमोक्रॅट्सकडे झुकलेला. लोकांनी अंगणात पांढऱ्या पाट्या लावल्या. त्यावर एक अक्षर नाही, फक्त मोठा निळा ठिपका: लाल नकाशातला आपला ठिपका (लाल रंग रिपब्लिकनांचा, निळा डेमोक्रॅट्सचा). हिशेब असा होता की कमला हॅरिस यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया घेतलं आणि बाकीची अटीतटीची राज्यं गमावली, तर ओमाहाच्या एका इलेक्टरसह त्यांचे बरोब्बर २७० होत होते. तो एक गेला की २६९–२६९.

मग सप्टेंबरमध्ये धावपळ सुरू झाली. नेब्रास्काचा नियम बदलून सगळे इलेक्टर एकगठ्ठा करावेत म्हणून सिनेटर लिंडसे ग्रॅहम थेट साउथ कॅरोलायनातून येऊन स्थानिक आमदारांना भेटले. ४९ जणांच्या विधिमंडळात ३३ मतं हवी होती. माइक मॅकडॉनेल हे ओमाहाचे आमदार त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. निवडणूक इतकी जवळ आली असताना नियम बदलायला माझा पाठिंबा नाही, असं त्यांनी २३ सप्टेंबरला जाहीर केलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. महासत्तेचा अध्यक्ष कोण, हे एका राज्यातल्या एका आमदाराच्या हो-नाहीवर येऊन ठेपण्याची शक्यता खरोखर निर्माण झाली होती. शेवटी ट्रम्प ३१२–२२६ असे जिंकले, त्यामुळे हा किस्सा लोक विसरले.

पाच वेळाच उलटा निकाल लागला ना? मग एवढं बिघडलं काय?

माझ्या मते उलटा निकाल हा दुखण्याचा छोटा भाग. मोठा भाग असा की उरलेल्या निवडणुकांतही बहुतेक मतदारांना कुणी विचारत नाही. २०२० मध्ये दोन्ही पक्षांच्या उमेदवारांचे प्रचाराचे २१२ कार्यक्रम झाले, त्यातले २०४ फक्त बारा राज्यांत. ३३ राज्यांत एकही नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहणारा, नागरिकत्व घेतलेला मराठी मतदार घ्या. त्याचं मत कुणाला जाणार हे गौण आहे, राज्य कुणाचं हे आधीच ठरलेलं. त्याचीच बहीण डेट्रॉइटच्या उपनगरात असेल तर ऑक्टोबरभर तिचा फोन थांबत नाही आणि टपालपेटी पत्रकांनी भरते. तिचं मत काही वेगळ्या दर्जाचं नाही, पत्ता वेगळा आहे. अशा पत्त्यांसाठी धोरणंही वाकतात. जमिनीतून वायू काढण्याच्या फ्रॅकिंगवर राष्ट्रीय नेते जितकं बोलतात, त्यातलं बरंचसं पेनसिल्व्हेनियाकडे बघून असतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मतं कुठल्या राज्याने दिली? टेक्सासने नव्हे, कॅलिफोर्नियाने: साठ लाखांहून जास्त. त्याबदल्यात इलेक्टर शून्य. तिकडे टेक्सासात बायडेन यांना पडलेली ५२ लाख मतंही अशीच हवेत विरली.

पण थेट मतदानाने लहान राज्यं चिरडली जातील, हे खरं ना?

कागदावर लहान राज्यांचं वजन जास्त आहे हे खरं. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये ५ लाख ७७ हजार लोक आणि ३ इलेक्टर, कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख लोक आणि ५४ इलेक्टर. वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे १ लाख ९२ हजार माणसं, कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजार. जवळजवळ चौपट फरक.

पण या जादा वजनाचा वायोमिंगला उपयोग काय? तिथे प्रचाराला कुणी जात नाही. व्हरमाँटला जात नाही, दोन्ही डकोटांना जात नाही. उमेदवार जातात ते अटीतटीच्या राज्यांत, आणि त्यातली बहुतेक मध्यम किंवा मोठी आहेत. लहान राज्यांचं खरं कवच सिनेटमध्ये आहे. तिथे वायोमिंगलाही दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोन, आणि त्याला कुणी हात लावत नाही.

मग न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच अध्यक्ष ठरवतील.

न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या सुमारे ८८ लाख, देशाच्या तीन टक्क्यांहूनही कमी. सर्वांत मोठी शंभर शहरं एकत्र केली तरी देशाच्या साधारण पाचवा हिस्सा होतो. पुढे बोलायची गरज नाही.

इतकं आहे तर घटनादुरुस्ती का करत नाहीत?

एकदा अगदी दाराशी आली होती. १९६८ मध्ये वर्णद्वेषी राजकारण करणारे जॉर्ज वॉलेस दक्षिणेतली पाच राज्यं जिंकून ४६ इलेक्टर घेऊन बसले. कुणालाच २७० मिळू नयेत आणि मग आपण सौदा करावा, हा त्यांचा डाव. तो फसला, पण सगळे धास्तावले. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय आणि प्रतिनिधिगृहातले न्यूयॉर्कचे सदस्य इमॅन्युएल सेलर यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती आणली. १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधिगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० अशी मंजूर केली. अध्यक्ष निक्सन यांनी पाठिंबा दिला.

मग ती सिनेटमध्ये गेली आणि रुतली. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी, त्यात स्ट्रॉम थर्मंड, सॅम अर्विन, जेम्स ईस्टलँड हे आघाडीवर, भाषणं लांबवत मतदानच होऊ दिलं नाही. चर्चा थांबवायला तेव्हा दोनतृतीयांश लागत. १९७० मध्ये ठराव ५४–३६ आणि पुढे ५३–३४ असा तोकडा पडला. बाय यांनी चिकाटी सोडली नाही, पण १९७९ मध्ये पुन्हा ५१–४८ वर गाडी अडली, हवे होते दोनतृतीयांश. त्या वेळी विरोधात फक्त दक्षिणेचे लोक नव्हते. काळ्या समाजाच्या नेत्यांपैकी अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डनही विरोधात होते. मोठ्या अटीतटीच्या राज्यांत काळ्या मतदारांच्या हाती निकाल फिरवायची ताकद आहे, ती जाईल, असं त्यांचं म्हणणं.

आज दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि वर ३८ राज्यांची मान्यता मिळवायची, तर ते दिवास्वप्न आहे. लोकांचं मत मात्र तिकडेच आहे. प्यू संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ६३ टक्के लोकांनी थेट मतांच्या बाजूने कौल दिला.

‘नॅशनल पॉप्युलर व्होट’ करार म्हणजे काय?

घटनेला हात न लावता तोच परिणाम साधायची युक्ती. इलेक्टर कसे नेमायचे हे राज्य ठरवतं ना? मग राज्यांनी आपसात करार करायचा की आमच्या राज्यात कुणीही जिंको, आमचे सगळे इलेक्टर देशभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला. अट एकच: सामील राज्यांच्या इलेक्टरांची बेरीज २७० होईपर्यंत करार झोपलेला राहील.

२००० च्या फ्लोरिडा प्रकरणानंतर असा मार्ग कायद्याच्या प्राध्यापकांनी सुचवला. त्यात अखिल अमर आणि विक्रम अमर हे भारतीय वंशाचे भाऊ होते. २००६ पासून मोहीम चालवली ती संगणकतज्ज्ञ जॉन कोझा यांनी. घासून नंबर बघायच्या लॉटरी तिकिटाच्या जनकांपैकी ते एक आहेत, त्यामुळे राज्य सरकारांकडून काम कसं करून घ्यायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असावं. २००७ मध्ये मेरीलँड पहिलं आलं. एप्रिल २०२४ मध्ये मेन आलं तेव्हा १७ राज्यं आणि डीसी मिळून २०९ झाले. म्हणजे ६१ कमी.

हे कायदेशीर आहे का?

वाद आहे. बाजूने बोलणारे १८९२ च्या मॅकफर्सन खटल्याकडे बोट दाखवतात: इलेक्टर नेमण्यात विधिमंडळाला पूर्ण मोकळीक. विरोधक घटनेतलं आणखी एक कलम काढतात: काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) संमतीशिवाय राज्यांनी आपसात करार करू नयेत. त्यावरही १८९३ चा निकाल आहे की संघराज्याच्या अधिकारावर घाला येत असेल तरच संमती लागते. २७० भरले की दुसऱ्याच दिवशी हे सर्वोच्च न्यायालयात जाणार.

मग हा मार्ग कच्चा का म्हणता?

कारण जिथे ताण येईल नेमका तिथेच तो पातळ आहे.

पहिलं, फेरमोजणी. देशभराची मतं मोजणारी, निकाल लावणारी एकही यंत्रणा अमेरिकेत नाही. आपल्या निवडणूक आयोगासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. तिथे प्रत्येक राज्याचा, कित्येकदा काउंटीचा कारभार वेगळा आणि फेरमोजणीचे नियमही वेगळे. देशात फरक पन्नास हजारांचा निघाला आणि एखाद्या राज्यात निकाल एकतर्फी असेल, तर त्या राज्याच्या कायद्यात फेरमोजणीच बसत नाही. करारात नसलेलं राज्य करारासाठी ती का करेल? २०२१ मध्ये नॉर्थ डकोटाच्या सिनेटने तर इलेक्टरांचं मतदान होईपर्यंत राज्यातले मतांचे आकडेच जाहीर करायचे नाहीत असं विधेयक मंजूर केलं होतं. पुढे ते बारगळलं, पण खोडी कशी काढता येते ते कळलं.

१९६० चं उदाहरण तर अभ्यासकांच्या आवडीचं. अलाबामात मतपत्रिकेवर इलेक्टरांची वेगवेगळी नावं होती. निवडून आलेल्या ११ डेमोक्रॅट्सपैकी पाच केनेडींचे, सहा कुणाशीच बांधलेले नव्हते आणि त्या सहांनी व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं. मग अलाबामात केनेडींना मतं किती धरायची? एका रीतीने मोजलं तर देशात केनेडी लाखभराने पुढे, दुसऱ्या रीतीने निक्सन पुढे.

दुसरं, माघार. करारात लिहिलंय की २० जुलैपासून नव्या अध्यक्षाच्या शपथविधीपर्यंत बाहेर पडता येणार नाही. पण आपल्या राज्यात जो साफ हरला त्याला सगळे इलेक्टर द्यायची वेळ आली की विधिमंडळावर किती दबाव येईल? कोर्ट त्यांना रोखेल की मोकळीक देईल?

तिसरं, किमान मतांची अट नाही. १९६९ च्या मसुद्यात ४० टक्के आवश्यक होते, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. करारात जो पहिला तो जिंकला, मग तो ३४ टक्क्यांवर का असेना. (१८६० मध्ये लिंकन ४० टक्क्यांच्या किंचित खाली होते, हे बाय यांच्या टीकाकारांनी लगेच ऐकवलं असणार.) मला विचाराल तर दुसऱ्या फेरीसह घटनादुरुस्ती हाच पक्का रस्ता. करार हा दबाव टाकण्यापुरता उपयोगी.

हा डेमोक्रॅट्सचा डाव आहे का?

२०२४ पर्यंत सामील झालेली सगळी राज्यं डेमोक्रॅट्सकडे झुकलेली, हे नाकारता येत नाही. पण त्यांच्यातही एकमत नाही: २०१९ मध्ये नेवाडाचे डेमोक्रॅट गव्हर्नर स्टीव्ह सिसोलाक यांनीच विधेयक अडवलं. आणि फायदा कुणाचा हे पक्कं नसतं. २०१२ च्या निवडणुकीच्या रात्री इलेक्टोरल कॉलेज (म्हणजे हेच इलेक्टरांचं मंडळ) हे लोकशाहीवरचं संकट आहे असं ट्विट करणारे गृहस्थ डोनाल्ड ट्रम्प होते. २०२४ मध्ये तेच थेट मतांतही सुमारे दीड टक्क्याने पुढे राहिले.

इतर देशांनी ही पद्धत सोडली आहे का?

बऱ्याच जणांनी. फ्रान्समध्ये द गॉल १९५८ मध्ये सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींच्या मंडळाने निवडून आले. १९६२ मध्ये त्यांनी सार्वमत घेऊन थेट निवडणूक आणली आणि १९६५ मध्ये स्वतःच दुसऱ्या फेरीत अडकले. अर्जेंटिनाने १९९४ च्या घटनादुरुस्तीत मंडळ मोडलं, फिनलंडमध्येही १९९४ पासून थेट निवडणूक. ब्राझीलमध्ये त्यासाठी १९८४ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले होते.

आपले राष्ट्रपतीही निर्वाचक मंडळच निवडतं की. मग त्यांना नावं का ठेवायची?

नाव सारखं, हिशेब वेगळा. आपल्याकडे आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून येतं: महाराष्ट्रात १७५, गोव्यात २०. लहान राज्याला वरकड काही नाही आणि राज्याचा गठ्ठा एकाकडे जात नाही. प्रत्येक आमदार-खासदार स्वतःचं मत देतो, पक्षादेशही नसतो. म्हणून तर २००७ मध्ये भाजपबरोबर असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. शिवाय आपले राष्ट्रपती कारभार चालवत नाहीत. घटना समितीत के. टी. शाह यांनी थेट निवडणुकीची मागणी केली होती, पण नेहरूंचा मुद्दा हाच होता: खरी सत्ता द्यायची नाही आणि कोट्यवधी लोकांना मत द्यायला लावायचं, हे विसंगत.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण सरपंचाचं. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच आले, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. थेट सरपंचावर रास्त आक्षेप असा की सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं झालं की ठराव अडतात. अमेरिकेत हा आक्षेप लागू पडत नाही. तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस आधीपासूनच वेगवेगळे निवडले जातात आणि ठराव आजही अडतात.

ग्रीन कार्डवर असलेल्यांना यात काही भूमिका?

मत नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. पण राज्याचे इलेक्टर ठरतात ते जनगणनेतल्या एकूण लोकसंख्येवरून, त्यात ते मोजले जातात.

२०२८ पर्यंत काही बदलेल का?

कराराच्या नियमाप्रमाणे २० जुलै २०२८ पर्यंत २७० भरायला हवेत. त्यासाठी एखादं मोठं अटीतटीचं किंवा रिपब्लिकन राज्य यावं लागेल, आणि ज्या राज्यांचे सगळे लाड होतात ती स्वतःहून लाड का सोडतील? त्यानंतर २०३० ची जनगणना आहे. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय या करारातल्या तिन्ही मोठ्या राज्यांचा एकेक इलेक्टर कमी झाला. लोक अजूनही टेक्सास आणि फ्लोरिडाकडेच सरकताहेत, म्हणजे २०३२ च्या निवडणुकीसाठी बेरीज पुन्हा नव्याने मांडावी लागेल.